नगरची चिलखती गाडी आणि आपला वाफसा



मागच्या महिन्यात राहुरीला विद्यापीठात कांद्याचं बी आणायला गेलो होतो. येताना नगरच्या रणगाडा संग्रहालयात शिरलो. त्या रस्त्यानं आयुष्यभर जातोय, पण आत पाऊल पहिल्यांदाच पडलं. तिथली सगळ्यात जुनी गाडी म्हणजे रोल्स रॉईसची चिलखती गाडी. आमच्या महाळुंग्यात घरटी एक पोरगं गाडीच्या कारखान्यात आहे, त्यामुळं गाडी दिसली की आधी खाली वाकून चेसीस बघायची खोड. तशी बघितली आणि मला माझं दोन वर्षांपूर्वीचं कांद्याचं रान आठवलं. का, ते सांगतो.

1914 साली पहिलं महायुद्ध पेटलं. बेल्जियमकडे इंग्रजांच्या आरमाराची विमानं होती. त्या लोकांनी पडलेले वैमानिक आणायला आणि टेहळणीला साध्या मोटारी वापरल्या, मग त्यांनाच पोलादी पत्रे ठोकले. ते जमतंय बघून सरकारनं रोल्स रॉईसच्या सिल्व्हर घोस्ट गाडीचे चेसीसच ताब्यात घेतले. राजेरजवाड्यांची गाडी ती. सहा सिलिंडर, सात लिटरच्या वरचं इंजिन. वर फिरता बुरूज, त्यात व्हिकर्स मशीनगन, मागं जोडचाकं. वजन चार टनांच्या वर गेलं, तरी रस्त्यावर घोड्यापेक्षा जोरात पळायची.

पण तिकडं खंदक खोदले गेले, पाऊस लागला, जमिनीचा राडा झाला. इंजिन तेच, माणसं तीच, पण गाडी रस्ता सोडून हलेना. मग त्याच गाड्या इजिप्तच्या वाळवंटात गेल्या आणि 1916 साली कडक भुईवर त्यांनी कमाल केली. म्हणजे दोष गाडीत नव्हता, भुईचा स्वभाव वेगळा होता.

आता शेतकऱ्यानं ऐकावी अशी गोष्ट. चिखलावर उपाय सापडला तो शेतीतून. अमेरिकेत कॅलिफोर्नियात बेंजामिन होल्ट यांचे वाफेचे ट्रॅक्टर भुसभुशीत जमिनीत रुतायचे. त्यांनी चाकं रुंद करून बघितली, भागलं नाही. शेवटी 1904 साली चाकं काढून पट्टा बसवला. वजन तेवढंच, पण जास्त जागेवर वाटलं गेलं, म्हणून रुतायचं थांबलं. युद्धात असे ट्रॅक्टर तोफा ओढायला लागले. 1915 साली इंग्लंडमध्ये रणगाड्याचा पहिला नमुना बनला, तो मळणीयंत्रं बनवणाऱ्या लिंकन गावच्या फॉस्टर कारखान्यात. त्याचे पहिले पट्टे आले अमेरिकेतल्या बुलक नावाच्या ट्रॅक्टर कंपनीकडून. बुलक म्हणजे बैलच की! सप्टेंबर 1916 मध्ये रणगाडे पहिल्यांदा लढाईत उतरले.

आपल्याकडं मात्र चिलखती गाडी बरीच वर्षं टिकली, कारण सरहद्दीकडचा मुलूख कोरडा आणि खडकाळ. रोल्स रॉईस महाग पडायची, म्हणून पुढं क्रॉसली गाड्या घेतल्या. उन्हानं आत माणूस भाजू नये म्हणून त्यांना आतून अॅसबेस्टॉसचं अस्तर होतं. चेसीस जुने झाले तेव्हा त्यांची चिलखतं शेव्हरोले ट्रकच्या चेसीसवर चढवली. जुगाड आपल्या मातीत मुरलेलाच आहे. 1938 साली सिंध हॉर्स आणि तेरावी लान्सर्स या घोडदळाच्या पलटणींनी सगळ्यात आधी घोडे सोडले आणि यंत्रं घेतली. आमच्या वडलांनी खिलारी जोडी विकली तेव्हा ते दोन दिवस जेवले नव्हते. त्या स्वारांचं काय झालं असेल, याचा अंदाज मला आहे.

आता माझ्या रानाचं. दोन वर्षांपूर्वी परतीचा पाऊस उघडला आणि मी घाई केली. वाफसा नसताना मोठा ट्रॅक्टर आणि शेणखतानं भरलेली ट्रॉली रानात घातली. ट्रॅक्टर रुतला नाही म्हणून खूश झालो. पण कांदा लावल्यावर चाकोरीच्या पट्ट्यात पाणी तुंबलं, पात पिवळी पडली, कांदा पोसलाच नाही. उकरून बघितलं तर वीतभर खाली विटेसारखा थर, मुळ्या आडव्या पळालेल्या. त्या पट्ट्यात खर्चही निघाला नाही. चूक ट्रॅक्टरची नाही, माझी.

मग उन्हाळ्यात रान कोरडं ठणठणीत असताना सबसॉयलर मारला, पावसाळ्यात ताग करून गाडला. आता ट्रॉली बांधावरच उभी करतो, आत हलक्या गाडीनं खत नेतो, आणि येण्याजाण्याची वाट एकच ठेवतो. थर अजून पूर्ण गेलेला नाही. दाबायला एक दुपार लागली, मोकळा करायला वर्षं लागतायत.

तेव्हा मंडळी, हॉर्सपॉवर किती ते दुकानदार सांगेल. मातीवर किती भार पडणार, ते आपणच बघायचं. मूठभर माती घ्या, लाडू वळा, कमरेइतक्या उंचीवरून सोडा. फुटला तर चाक घाला. नाही फुटला तर ट्रॅक्टरची चावी खिशात ठेवा आणि दोन दिवस गप घरी बसा.

तुमच्या रानात असा थर कुणी मोडला असेल तर कसा मोडला, ते जरूर लिहा.