आयल ऑफ मॅन टीटी : होंडाने बेटावर पाय कसे रोवले?

ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या आयल ऑफ मॅन बेटावर टीटी ही मोटरसायकल शर्यत ट्रॅकवर नाही, तर रोजच्या रहदारीच्या रस्त्यांवर होते. माउंटन कोर्सची एक फेरी सुमारे ६० किलोमीटरची. दोन्ही बाजूंना घरं आणि दगडी भिंती.

१९५४मध्ये सोइचिरो होंडा यांनी इथे उतरण्याचा निर्धार जाहीर केला. १९५९मध्ये संघ १२५ सीसी गटात आला. नाओमी तानिगुची सहावे आले, सांघिक पारितोषिकही मिळालं. १९६१मध्ये माइक हेलवूड यांनी होंडावर १२५ आणि २५० सीसीच्या शर्यती जिंकल्या.

जीवघेण्या रस्त्यांमुळे १९७६नंतर टीटी जागतिक अजिंक्यपदातून वगळली गेली. होंडा मात्र बेटावर येत राहिली. जोई डनलॉप यांचे २६पैकी बहुतेक विजय होंडावरचेच आहेत.