साथीने रुग्णालयं व्यापली तेव्हा

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात एका रोग्याला भरलेला ताप आणि आलेली गाठ पाहून डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी निदान केलं: प्लेग. व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे, डॉक्टर झाले ते भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसांनी मुंबई सोडली.

ऑक्टोबरात कोलकात्याहून जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन आले. ग्रँट मेडिकलने त्यांना दिलं काय, तर एक खोली, लगतचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर त्यांनी लस बनवली, आणि तीही चक्क तुपाच्या मदतीने! काचेच्या चंबूत मटणाचा रस्सा, त्यावर तुपाचे तरंगते थेंब. थेंबांना धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत वाढायचे. चंबू हलवला की ते तळाशी बसायचे आणि वर नवे लोंबू लागायचे. पुरेसे साठले की उष्णता देऊन ते मारायचे. 10 जानेवारी 1897 ला हाफकिन यांनी ही लस आधी स्वतः टोचून घेतली आणि महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातल्या तयार झालेल्या कैद्यांना दिली.

लस आली, पण रुग्णालयावरचा विश्वास तोवर उडाला होता. आर्थर रोडच्या रुग्णालयात माणसाला उलटं टांगून मोमियाई, म्हणजे अंगातून गळणारं औषधी तेल, काढतात, अशी आवई उठली. 29 ऑक्टोबर 1896 ला गिरणी कामगारांचा जमाव त्याच रुग्णालयावर चालून गेला. या लोकांना अडाणी म्हणून मोकळं होणं अन्यायाचं आहे. घरातलं माणूस ओढून न्यायचं आणि मग त्याचं तोंडही पाहू द्यायचं नाही, असं असेल तर कोण विश्वास ठेवील? फेब्रुवारी 1897 च्या साथरोग कायद्याने घरझडतीचे अधिकार दिले आणि धसका आणखी वाढला. लोकांनी मग आपापल्या जातीची, समाजाची प्लेग रुग्णालयं उभी केली. तिथे निदान घरचं माणूस उशाशी बसू शकायचं. पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी ससाणे मळ्यात दवाखाना घातला. रोग्यांची सेवा करतानाच सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या.

आर्थर रोडचं ते रुग्णालय आज कस्तुरबा म्हणून ओळखलं जातं. मार्च 2020 मध्ये मुंबईतले पहिले कोरोना रुग्ण तिथेच दाखल झाले. एप्रिलमध्ये नायर रुग्णालय संपूर्णपणे कोरोनासाठी राखून ठेवलं. म्हणजे एरवी हर्निया, मोतीबिंदू, मोडलेली हाडं घेऊन येणाऱ्यांनी दुसरं दार शोधायचं, आणि नायरशी जोडलेल्या टोपीवाला मेडिकल कॉलेजातल्या निवासी डॉक्टरांनी, मग विषय शस्त्रक्रियेचा असो वा अस्थिरोगाचा, पीपीई किट चढवून कोरोनाचा वॉर्ड सांभाळायचा. शस्त्रक्रियेतला हात तर टेबलापाशी उभं राहूनच बसतो. ऑनलाइन व्याख्यानांनी ती उणीव कशी भरून निघणार?

18 एप्रिल 2021 ची नीट-पीजी, म्हणजे पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा, पुढे ढकलली गेली, ती झाली 11 सप्टेंबरला. त्यानंतरचं समुपदेशन, म्हणजे जागावाटप, तर न्यायालयीन वादात अडकलं. जुनी तुकडी बाहेर पडलेली, नवी आलेली नाही. तीन वर्षांच्या विद्यार्थ्यांचं काम दोन वर्षांच्या विद्यार्थ्यांवर पडलं. डिसेंबरात देशभरचे निवासी डॉक्टर संपावर गेले, आणि त्यांची मागणी एवढीच होती की नव्या तुकडीचे प्रवेश लवकर सुरू करा.