रोगापेक्षां इलाज भयंकर

ज्या काळीं घरोघरीं रॉकेलचे स्टोव्ह पेटत, त्या काळीं जमिनीवर रॉकेल सांडलें तर जाणती गृहिणी त्यावर पाणी ओतीत नसे. ती प्रथम विस्तव विझवी, खिडक्या उघडी आणि मग राख किंवा माती पसरून सांडलेलें तेल टिपून घेई. विस्तव दूर ठेवावा, तेल पसरूं देऊं नये आणि तें उचलून घ्यावें, ही त्रिसूत्री तिला कोणी शाळेंत शिकविली नव्हती. परंतु हाच साधा धडा शिकण्यासाठीं १९६७ सालीं एका प्रगत राष्ट्राला फार मोठी किंमत द्यावी लागली.

त्या वर्षीं १८ मार्च रोजीं 'टोरी कॅनियन' नांवाचें तेलवाहू जहाज कॉर्नवॉल व सिली बेटें यांच्या दरम्यान असलेल्या 'सेव्हन स्टोन्स' या खडकांवर आदळलें. त्याच्या पोटांत कुवेतचें सुमारें १,१९,००० टन कच्चें तेल होतें. मिलफर्ड हेवन बंदरांत भरतीच्या वेळीं पोहोंचावें म्हणून कप्तानानें जवळची वाट धरिली होती. थोडा वेळ वांचविण्याची ही घाई जहाजाला भोंवली. पुढें जहाज सोडविण्याच्या खटपटींत यंत्रघरांत स्फोट होऊन एका तज्ज्ञाचा बळी गेला. तेलाहूनहि त्याची वाफ अधिक घातक असते, हें त्या स्फोटानें दाखवून दिलें. अखेरीस जहाज दुभंगलें आणि २८ मार्चपासून विमानांनीं त्यावर बाँब टाकून उरलेलें तेल जाळण्याचा यत्न केला.

तोंवर काळी लाट कॉर्नवॉलच्या किनाऱ्यास लागली होती. हजारों समुद्रपक्षी तेलानें माखून मेले. लोक हवालदिल झाले. कांहीं तरी तांतडीनें केलें पाहिजे, अशी हाकाटी झाली. समुद्रावर व किनाऱ्यावर मिळून सुमारें १०,००० टन डिटर्जंट द्रव्यें ओतण्यांत आलीं. तेलाचा थर फुटे, खडक उजळ दिसत आणि काम फत्ते झालें असें वाटे.

पण तेल नाहींसें झालें नव्हतें. त्याचे सूक्ष्म थेंब होऊन तें पाण्यांत मिसळलें होतें, इतकेंच. शिवाय त्या द्रव्यांतील द्रावक स्वतःच जहरी होते. खडकांना घट्ट चिकटून शेवाळ खाणाऱ्या, टोपीसारख्या कवचाच्या गोगलगाई त्यांनीं मारल्या. खाणारे उरले नाहींत, तेव्हां खडकांवर हिरवें शेवाळ बेसुमार माजलें. प्लिमथच्या सागरी जीवशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं या सर्वांची पाहणी करून १९६८ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला: किनाऱ्यावरील जीवांची हानि तेलापेक्षां डिटर्जंटांनींच अधिक केली. जेथें औषध ओतलें नव्हतें, तेथील जीवसृष्टि दोनतीन वर्षांत सांवरली. जेथें तें भरपूर ओतलें, तेथें कांहीं ठिकाणीं दहा वर्षांहूनहि अधिक काळ लागला.

पलीकडे फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतांत लोकांना आपल्या कालवांच्या शेतीची काळजी होती. त्यांनीं किनाऱ्यावर डिटर्जंट बहुतांशीं टाळून फावडीं, बादल्या आणि हातांचे कष्ट यांवर भर दिला. तें काम मंद आणि किळसवाणें होतें. परंतु उचललेलें तेल पुन्हां समुद्रांत जात नव्हतें.

७ ऑगस्ट २०१० रोजीं मुंबई बंदराजवळ 'चित्रा' व 'खलिजिया' या दोन जहाजांची टक्कर झाली आणि सुमारें ८०० टन तेल सांडलें. खाड्यांतील तिवरांची मुळें काळीं पडलीं, कोळ्यांचीं जाळीं रिकामीं राहिलीं. तेल फोडणारीं द्रव्यें उघड्या समुद्रांत वापरावीं कीं नाहीं, याचा निर्णय खोली व प्रवाह पाहून करतां येतो; तिवरांच्या चिखलांत मात्र तीं ओतणें घातक, हा धडा तोंवर जगानें घेतला होता.

डाग दिसेनासा झाला म्हणजे तो गेला असें नव्हे. कॉर्नवॉलच्या लोकांनीं समुद्रावर प्रेम नव्हतें म्हणून विष ओतलें नाहीं. तें वांचविण्याच्या उतावळेपणानें ओतलें. राख पसरून बसलेल्या त्या गृहिणीजवळ जो धीर होता, तेवढाच तेथें कमी पडला.