नवी गाडी बोथा घाटात नेताय? पहिले हजार किलोमीटर इंजिन असं सांभाळा

खामगाव : दसरा किंवा पाडवा आला की खामगाव, शेगाव, नांदुरा भागात नव्या गाड्या उतरतात. हार-लिंबू लागतं, गाडी आधी शेगावला महाराजांच्या दर्शनाला जाते आणि आठवडाभरात कुठला तरी घाट समोर येतो. आपला जिल्हाच घाटावरचा आणि घाटाखालचा असा वाटलेला. कलेक्टर कचेरी, जिल्हा परिषद सगळं बुलढाण्याला, म्हणजे घाटावर. खामगावहून बोथ्याचा घाट, मोताळ्याकडून राजूर घाट. घाटाखालच्या माणसाला चढण काही चुकत नाही.

मग पारावर दोन मतं निघतात. एक म्हणतो, "नवी गाडी हाय, हजार किलोमीटर होयेपर्यंत घाटात घालू नोको, इंजिन बसते." दुसरा म्हणतो, "आताच्या गाड्यांले काही होत नाही, दाबून चालव." दोघांचंही अर्धंच खरं आहे. नव्या इंजिनाला घाट चालतो. चालत नाही ते चुकीच्या गिअरमध्ये, भरगच्च लोड घेऊन घाटात रेटणं.

आत नेमकं काय होतं

इंजिनात पिस्टन वर-खाली होतो. त्याच्या भोवती लोखंडी रिंगा असतात आणि त्या सिलिंडरच्या भिंतीला घासत फिरतात. कारखान्यात या भिंतीवर मुद्दाम बारीक, एकमेकांना छेदणाऱ्या रेघा पाडतात. त्या रेघांत ऑइल धरून राहतं. पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये रिंगा आणि भिंत एकमेकांची उंच-सखल जागा घासून घेतात आणि नीट चिकटून बसतात. यालाच रनिंग-इन म्हणतात. आपल्याकडे 'इंजिन मोकळं होणं' असाही शब्द आहे.

रिंगा बसायला त्यांच्यावर आतून दाब यावा लागतो आणि तो दाब ॲक्सिलरेटर दिल्यावरच येतो. म्हणून गाडी फारच हळू, नुसती रांगत चालवली तर रिंगा नीट बसत नाहीत, भिंतीवर ऑइलचा गुळगुळीत थर जमतो आणि पुढं गाडी ऑइल पिऊ लागते. उलट पहिल्याच दिवशी पूर्ण दाबली तर घासणाऱ्या जागा जास्त तापतात, भिंतीवर ओरखडे पडतात. तेही दुखणं कायमचं. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. नवा गोऱ्हा कोणी पहिल्याच दिवशी नांगराला जुंपत नाही, पण वर्षभर दावणीला बांधूनही ठेवत नाही. आधी हलकी गाडी, हलका डवरा, मग नांगर.

आता कारखान्यातलं काम पूर्वीपेक्षा बारीक झालंय, हे खरं. तरी गाडीसोबतच्या पुस्तकात पहिल्या साधारण हजार किलोमीटरच्या सूचना अजूनही असतात. गाडी-गाडीगणिक आकडा थोडा बदलतो, तो पुस्तकात बघावा. ते पुस्तक बहुतेकांच्या डॅशबोर्डच्या खणात प्लास्टिकसकट पडून असतं.

चढण

सगळ्यात जास्त चूक इथं होते. नवी गाडी आहे म्हणून आवाज वाढू द्यायचा नाही, असं समजून लोक चौथ्या गिअरमध्येच चढण घेतात. गाडी गुरगुरते, थरथरते, पाय मात्र खालपर्यंत दाबलेला. कमी फेऱ्यांत जास्त ओझं पडलं की पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगवर मोठा ताण येतो. नव्या इंजिनाला हे सगळ्यात वाईट.

चढण दिसली की गाडी ओढायला लागायच्या आधीच गिअर खाली टाका. तिसरा, वळणावर दुसरा. आवाज थोडा वाढेल, वाढू द्या. समोर फेऱ्यांचा काटा असेल तर ढोबळ मानानं पेट्रोल गाडी २,००० ते ३,५०० च्या दरम्यान आणि डिझेल गाडी १,५०० ते २,५०० च्या दरम्यान ठेवावी. ॲक्सिलरेटर अर्ध्या-पाऊण दाबापर्यंतच. एसटी किंवा ट्रक पुढं असेल तर पहिल्या हजारात ओव्हरटेकची घाई करू नये. पूर्ण दाबल्याशिवाय चढणीवर ओव्हरटेक होत नाही.

वळणावर थांबावं लागलं तर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवू नका. हँडब्रेक ओढा. नवी क्लच प्लेट दोन-चार वेळा अशी जळली की घरी येईपर्यंत वास येतो. ऑटोमॅटिक गाडीतही चढणीवर ॲक्सिलरेटरनं तोलून धरायची नसते, ब्रेक लावावा. हातानं गिअर बदलायची सोय असेल तर घाटात तीच वापरलेली बरी.

बोथ्याचा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो, अस्वल-बिबट्याचा मुलूख आहे. २०१९ साली टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ सुमारे १,३०० किलोमीटर चालत याच जंगलात आला होता. तोही एक रनिंग-इनच म्हणायचा. जनावर आडवं येऊ शकतं म्हणूनही इथं हळूच चालवावं, खास करून संध्याकाळनंतर.

उतार

येताना न्यूट्रल करून गाडी सोडायची सवय आपल्याकडं मोठी आहे. पेट्रोल वाचतं म्हणतात. आताच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजिनात इंधन जाणंच बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन जळतच राहतं. म्हणजे वाचत काहीच नाही, वर सगळा भार ब्रेकवर. नव्या गाडीचे ब्रेक पॅडही पहिले दोन-तीनशे किलोमीटर पूर्ण बसलेले नसतात, नव्या टायरचीही सुरुवातीला पकड कमी असते. ज्या गिअरमध्ये चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिन गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. जुने मेकॅनिक सांगतात की पाय काढून उतरताना रिंगांपर्यंत थोडं जास्त ऑइल चढतं आणि झिजलेले कण धुऊन निघतात. त्या हिशोबानं चढ आणि उतार दोन्ही मिळणारा घाट नव्या इंजिनाला सपाटीपेक्षा बराच म्हणायचा.

खरा वाईट रस्ता वेगळाच आहे. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर अकोला ते मलकापूर एकाच वेगानं, एकाच गिअरमध्ये तास-दीड तास. इंजिनावरचा भार बदलतच नाही. हायवेला गेलात तर अधूनमधून वेग कमी-जास्त करत चला.

लोड आणि ऊन

पाच जणांच्या गाडीत आठ जण, डिक्कीत तांदळाचा कट्टा, वर कॅरिअरला सामान आणि एसी फुल्ल, असा पहिला घाट करू नये. लग्नाचं वऱ्हाड दोन फेऱ्यांत नेता येतं. मे महिन्यात खामगावचा पारा ४४-४५ ला टेकतो, तेव्हा पहिला घाट सकाळीच घ्यावा. चढताना तापमानाचा काटा वर सरकला तर एसी बंद करा, जागा बघून थांबा. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका. वाफेनं हात-तोंड भाजतं. टर्बो गाडी वर पोचल्यावर लगेच बंद न करता अर्धा-एक मिनिट चालू ठेवावी.

ट्रॅक्टरचा नियमही हाच, फक्त तिथं किलोमीटरऐवजी तास मोजतात. इलेक्ट्रिक गाडीला इंजिनच नाही, तिला ब्रेक आणि टायरचीच काळजी.

ऑइल आणि पहिली सर्व्हिसिंग

घाट करून आलात की दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड आणि सपाट जागी उभी असताना डिपस्टिक काढून पुसा, परत घालून बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. सुरुवातीला किंचित कमी होऊ शकतं. दर आठवड्याला उतरत असेल तर सर्व्हिस सेंटरला दाखवून जॉबकार्डवर लिहून घ्या, तोंडी सांगून येऊ नका. पहिली मोफत सर्व्हिसिंग बहुतेक गाड्यांना हजार किलोमीटर किंवा एक महिना, जे आधी होईल तेव्हा असते. सोयाबीन काढणीच्या गडबडीत ती राहून जाते आणि पुढं इंजिनाचं काम निघालं की वॉरंटीत अडचण येते. हप्ते मात्र पाच-सात वर्षं चालूच असतात. सर्व्हिसिंगची पावती आरसी बुकाच्या पाकिटातच ठेवावी.