जुना कोड वाचताना आधी साल बघा

जुन्या सी++ कोडमध्ये जागोजागी न्यू-डिलीट दिसले, की आपण लिहिणाऱ्याला नावं ठेवतो. थांबा, आधी साल बघा. स्टेपानोव्ह आणि मेंग ली यांची एसटीएल समितीने स्वीकारली १९९४ मध्ये. व्हेक्टर प्रमाणित झाला १९९८ मध्ये. त्याआधीच्या माणसाने करायचं काय?

बरं, नंतरही पंचाईत होतीच. ऑटो पॉइंटरची कॉपी केली की मूळ पॉइंटर रिकामा व्हायचा, म्हणून तो व्हेक्टरमध्ये ठेवायची सोय नव्हती. युनिक पॉइंटर थेट २०११ मध्ये आला. तोवर बहुतेकांच्या व्हेक्टरमध्ये साधे पॉइंटर, आणि डिलीट हातानेच! असा व्हेक्टर बदलायला घेताना त्यातल्या वस्तू कोण डिलीट करतंय, ते आधी शोधा. जुना डिलीट कुठे राहून गेला, तर तीच मेमरी दोनदा मोकळी होईल.