मेंढपाळाच्या घरची खानेसुमारी

राजघराण्यांच्या वंशावळी लिहावयास बखरकार असतात. दुसऱ्याची मेंढरे राखणाऱ्याची वंशावळ कोण लिहिणार? पश्चिम आयर्लंडमधील गॉलवे, मेयो, रॉसकॉमन या परगण्यांत हे काम, नकळत का होईना, खानेसुमारीने केले.

तेथील मेंढपाळ बहुतांशी कॅथॉलिक. कुरण व कळप धन्याचा. मेंढपाळास वेतनादाखल मिळे ते राहावयास घर, बटाट्यापुरती जमीन आणि स्वतःची चार जनावरे चारण्याची मुभा. 1845 पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात असंख्य माणसे मेली, असंख्य परदेशी गेली. 1841 मध्ये सुमारे 82 लाख असलेली लोकसंख्या 1851 मध्ये 66 लाखांवर आली. ओस पडलेल्या कित्येक शेतांची कुरणे झाली आणि मेंढपाळ अशा निर्मनुष्य रानाचा एकटा रहिवासी उरला.

अशा कुटुंबाचा माग आपण 1901 व 1911 च्या तक्त्यांवरून काढू लागतो. हे तक्ते पोलीस शिपायांनी घरोघर नेले. कुटुंबप्रमुख निरक्षर असल्यास शिपाई स्वतः लिही आणि खाली फुलीची निशाणी घेई. भाषेच्या रकान्यात पुष्कळदा आईबापांपुढे 'आयरिश व इंग्रजी' असते, मुलांपुढे ती नोंद नसते. 1911 मध्ये विवाहित स्त्रियांना किती मुले जन्मली व किती हयात आहेत, हे विचारले गेले. या दोन आकड्यांतील वजाबाकी ही त्या मातेची न लिहिलेली कहाणी होय.

वयाचा रकाना मात्र कोड्यात टाकतो. दहा वर्षांत कित्येक वृद्धांचे वय बारा-पंधरा वर्षांनी वाढलेले दिसते! 1 जानेवारी 1909 पासून सत्तरी गाठलेल्या गरिबांना आठवड्यास 5 शिलिंगांपर्यंत निवृत्तिवेतन मिळू लागले होते. तेथे सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद 1864 पासूनची. मग सत्तरीचा पुरावा कोठून आणावा? अर्जदार आईबापांची नावे व गाव कळवीत आणि कारकून डब्लिनच्या दप्तरखान्यात 1841 व 1851 च्या खानेसुमारीत ते घर शोधून अर्जावर टिपून ठेवी.

30 जून 1922 रोजी यादवी युद्धात तो दप्तरखाना जळाला. 1861 ते 1891 च्या चार खानेसुमाऱ्यांचे कागद सरकारनेच आधी नष्ट केले होते. परंतु निवृत्तिवेतनाच्या शोधाचे कागद वाचले. म्हणून 1851 मध्ये आईबापांच्या घरी असलेले एखादे मेंढपाळाचे पोर आज आपल्याला भेटते, ते केवळ म्हातारपणी त्याने 5 शिलिंग मागितले म्हणून!

मधल्या वर्षांची पोकळी धर्मग्रामांच्या स्नानसंस्कार-नोंदवह्या भरून काढतात. बाळ, आईबाप, धर्ममातापिता आणि पुष्कळदा वाडीचे नाव त्यांत सापडते. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने 2015 मध्ये या वह्यांची छायाचित्रे सर्वांसाठी खुली केली.

आपल्या देशात 1872 पासून खानेसुमारी होत आली. परंतु 1948 च्या कायद्यानुसार घरोघरच्या नोंदी पाहता येत नाहीत. आपल्या शेतकरी-कोळी पूर्वजांची नावे शोधावयाची तर चर्चच्या कपाटातील जुन्या वह्यांकडेच जावे लागते. त्यांना वाळवीपासून व दमटपणापासून जपणे हे केवळ धर्मगुरूंचे काम नव्हे. ज्यांची बखर कोणी लिहिली नाही, त्यांची बखर तीच आहे.