जबानी आणि फाईल

सरकारी नोकरीत ज्यांचे केस पांढरे झाले, त्यांना फाईलीची महती सांगावयास नको. ज्याचे नशीब आपल्या सहीने ठरते त्याचे तोंडही आपण पुष्कळदा पाहिलेले नसते, आणि त्यावाचून काही अडते असेही आपणांस वाटत नाही. या समजुतीला कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली धक्का दिला. त्या 'सिंग' खटल्यातील अर्जदार बहुतेक भारतातले शीख होते. म्हणूनही ही हकीकत आम्हांस सांगाविशी वाटते.

१९७६ च्या तेथील कायद्याप्रमाणे आश्रय मागणाऱ्याची शपथेवरील जबानी एक वरिष्ठ अधिकारी घेई. तिची प्रत सल्लागार समितीकडे जाई आणि समितीच्या सल्ल्याने मंत्री निर्णय देत. त्या माणसाला ना समितीने पाहिलेले, ना मंत्र्यांनी. निर्णय विरुद्ध गेल्यास इमिग्रेशन अपील बोर्डाकडे फेरविचाराचा अर्ज करता येई; पण खरी मेख तेथेच होती. दावा सिद्ध होण्याजोगा आहे असे कागदांवरूनच बोर्डाला वाटले, तरच सुनावणी! म्हणजे ज्याच्या कागदावर विश्वास बसला नाही, त्याला तो पटवून देण्याची संधीही नाही. आपल्याविरुद्ध मंत्र्यांपुढे काय आहे, हेही त्याला धड कळत नसे.

सहा न्यायाधीशांनी अर्जदारांच्या बाजूने निकाल दिला. तिघांनी १९८२ च्या हक्कांच्या सनदेचा आधार घेतला, तिघांनी १९६० च्या हक्कविषयक कायद्याचा. न्यायमूर्ती बर्था विल्सन यांनी लिहिले, त्याचा आशय असा: माणूस खरे बोलतो की नाही हाच प्रश्न गंभीरपणे उभा असेल, तर त्याला समक्ष ऐकल्यावाचून न्याय होत नाही. एवढ्या सुनावण्या शासनाला झेपणार नाहीत, हा युक्तिवादही त्यांनी मानला नाही. आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी हाच युक्तिवाद टिपणीत लिहिला असेल. आम्हीही लिहिला आहे.

मात्र समोर बसवले की खरेखोटे कळते, ही समजूतही भोळीच. भ्यालेला माणूस तारखा चुकतो, दुभाष्याच्या तोंडून कथा निराळीच होते. शपथेवरील कथन संशयाला कारण नसेल तर खरे धरावे, असे तेथील फेडरल अपील न्यायालयाने 'माल्डोनाडो' खटल्यात पूर्वीच म्हटले होते. पुढे २००१ साली 'वाल्चेव' निकालाने आणखी बजावले की, कॅनडात जे अशक्य भासते ते अर्जदाराच्या देशात घडू शकते. म्हणून 'हे संभवत नाही' असा शेरा अगदी उघड प्रकरणातच मारावा.

सिंग निकालानंतर १९८९ साली तेथे नवे निर्वासित मंडळ आले आणि पहिली सुनावणी समक्ष होऊ लागली. २०१२ च्या डिसेंबरात त्या मंडळात निर्वासितांसाठी अपील विभाग उघडला, तो मात्र पुन्हा बहुधा फाईलच वाचतो. विश्वासार्हतेचा गंभीर प्रश्न उपस्थित करणारा, निर्णय फिरवू शकेल असा नवा पुरावा आला, तरच तो सुनावणी ठेवू शकतो. २०१६ साली फेडरल अपील न्यायालयाने त्याला सांगितले की, निर्णय बरोबर की चूक हे स्वतः ठरवावे. फक्त प्रत्यक्ष ऐकणाऱ्याला जेथे खरोखर अधिक कळले असेल, तेथे त्याचा मान राखावा. अपिलाच्या त्या फाईलीत आता जबानीचे ध्वनिमुद्रणही असते.